आर.ए. फॅक्टर आणि भीमेकाठची गावं

नगरच्या लॅबमध्ये सांधे धरलेला माणूस गेला की बहुतेक वेळा चार चाचण्यांची चिठ्ठी त्याच्या हातात असते : युरिक अ‍ॅसिड, ए.एस.ओ., सी.आर.पी. आणि आर.ए. फॅक्टर. संध्याकाळी छापील कागद मिळतो. एखाद्या ओळीपुढचा आकडा ठळक छापलेला असतो आणि डॉक्टरांकडे पोचण्याआधीच घरच्या घरी निदान होऊन जातं, आमवात! गेल्या काही वर्षांत अँटी-सीसीपी आणि ए.एन.ए. यांची त्यात भर पडली आहे. त्यामुळे कर्जत-जामखेडच्या घरांतही आता ‘ल्युपस’ हा शब्द मोबाइलवर शोधला जातो.

या ओळी कागदावर कशा आल्या, त्या कुठल्या माणसांवर पारखल्या गेल्या आणि नगर, सोलापूर, पुणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत त्यांचं काय झालं, हा शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात एका फसलेल्या चाचणीपासून होते.

१९०६ साली बर्लिनमध्ये ऑगस्ट वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गरमीसाठी, म्हणजे सिफिलिससाठी, रक्तचाचणी शोधली. रोगाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क ते त्यासाठी वापरत. लवकरच लक्षात आलं की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरी चाचणी तशीच चालते. म्हणजे ती जंतू ओळखतच नव्हती, शरीरातल्याच एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं ओळखत होती. मग हिवतापाचे आणि कुष्ठरोगाचे रुग्णही पॉझिटिव्ह येऊ लागले. अमेरिकेत लग्नाआधी आणि सैन्यभरतीच्या वेळी सरसकट तपासण्या सुरू झाल्यावर तर धडधाकट, निष्कलंक माणसांचे निकाल पॉझिटिव्ह येऊ लागले. त्या कागदाने किती सोयरिकी मोडल्या असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

बाल्टिमोरच्या मूर आणि मोर या दोघा डॉक्टरांनी अशा ‘खोट्या पॉझिटिव्ह’ माणसांचा पाठपुरावा केला आणि १९५२ साली निष्कर्ष छापले. ज्यांचा निकाल वर्षानुवर्षं खोटा पॉझिटिव्ह राहिला, त्यांच्यातल्या काहींना पुढे ल्युपस, म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींवर हल्ला करण्याचा आजार, झाला. गरमीबद्दल चाचणी चुकली होती, पण शरीर स्वतःवर उलटत असल्याची खूण तिने टिपली होती. पॉल एर्लिखसारख्या दिग्गजाने १९०१ मध्ये सांगून ठेवलं होतं की शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलत नाही, निसर्ग ते होऊ देत नाही. पन्नाशीच्या दशकात या मताला एकामागून एक धक्के बसत गेले.

त्यातला एक धक्का तोवर नॉर्वेतून येऊनही गेला होता, फक्त त्याकडे फारसं कोणी पाहिलं नव्हतं. १९३७ साली ऑस्लोमध्ये एरिक वालर एका रुग्णाचं रक्त वेगळ्याच चाचणीसाठी तपासत होता. मेंढीच्या तांबड्या पेशी फुटायला हव्या होत्या, त्या फुटण्याऐवजी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या. रुग्णाला सांध्यांचा जुना आजार होता. वालरने हे १९४० साली छापलं, पण युद्ध सुरू होतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला हॅरी रोझ आणि सहकाऱ्यांना तेच स्वतंत्रपणे आढळलं, तेव्हा कुठे वालर-रोझ चाचणी रुजली. त्याच वर्षी अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हरग्रेव्हज यांनी अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेल्या पेशीचं वर्णन छापलं, ती ल्युपसची एल.ई. पेशी. आणि त्याच वर्षी, त्याच संस्थेत, फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन टोचलं. खुणेचा आणि औषधाचा शोध एकाच संस्थेत लागला. पुढे आपल्याकडच्या पुड्यांत आणि ‘गुण येणाऱ्या’ गोळ्यांत लपून बसलेलं स्टेरॉइड हे त्या कॉर्टिझोनच्याच गोत्रातलं.

खरी उलथापालथ १९५६ साली झाली. न्यूयॉर्कच्या सिंगर आणि प्लॉट्झ यांनी मेंढीच्या पेशी काढून टाकल्या आणि लॅटेक्सचे सूक्ष्म कण वापरले. पुढे ही चाचणी काचेच्या पट्टीवर होऊ लागली : रक्तद्रवाचा एक थेंब, लॅटेक्सचा एक थेंब, मिनिट-दोन मिनिटं पट्टी हलवायची आणि रवाळ कण दिसतात का ते पाहायचं. ना मेंढ्या पाळायला हव्यात, ना महागडं यंत्र. ए.एन.ए.ची, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी, चाचणी त्यानंतर वर्षभरातच, १९५७ साली आली, पण तिला चमकत्या रंगाचा खास सूक्ष्मदर्शक लागे आणि तो वाचणारा सरावलेला डोळा लागे. ती अनेक वर्षं मोठ्या शहरांतच राहिली. आर.ए. फॅक्टर मात्र जिथे फ्रिज आणि एक तंत्रज्ञ आहे अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी करता येण्यासारखा होता. तो पसरला त्याचं मोठं कारण हे, की तो सोपा आणि स्वस्त होता.

आता ही चाचणी काय पकडते ते पाहायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आपलं शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. त्या प्रतिपिंडांच्याच एका टोकाविरुद्ध बनलेलं दुसरं प्रतिपिंड म्हणजे ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, तोच आर.ए. फॅक्टर. ते आमवातात सापडतं हे खरं, पण संसर्ग दीर्घकाळ ठाण मांडून बसला की रोगप्रतिकारयंत्रणा सतत पेटती राहते आणि तेव्हाही ते बनतं. क्षयात बनतं, हृदयाच्या झडपांच्या संसर्गात बनतं, काळ्या आजारात बनतं. कुष्ठरोगातही बनतं, कॅथकार्ट आणि सहकाऱ्यांनी त्यावरचा अभ्यास १९६१ सालीच प्रसिद्ध केला होता. शिवाय काहीही आजार नसलेल्या शंभरांतल्या पाचेक जणांच्या रक्तात ते असतं आणि वय वाढलं की हे प्रमाणही वाढतं.

न्यूयॉर्कमध्ये कुष्ठरोग जवळपास नव्हता. नगर जिल्ह्यात होता.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले, तेव्हा तो जिल्ह्यातल्या सर्वांत कोरड्या, हलाखीच्या तालुक्यांपैकी एक होता. त्यांच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची ओळख गावातल्या आरोग्यसेविकांमुळे झाली. या बायका बहुतेक निरक्षर होत्या आणि त्यांतल्या अनेक दलित कुटुंबांतल्या होत्या. कुष्ठरुग्णांसाठी वेगळी खिडकी, वेगळा दवाखाना ठेवायचा नाही, इतर रुग्णांबरोबरच त्यांना तपासायचं, हा आरोळ्यांचा निर्णय त्या काळात धाडसाचा होता. सेविका घरोघरी जाऊन बधिर चट्टे शोधत. या निर्णयाचं कौतुक सहसा सामाजिक अंगाने होतं. मला त्याचं वैद्यकीय अंगही तितकंच महत्त्वाचं वाटतं. कुष्ठरोगाची प्रतिक्रिया उसळली की ताप येतो, सांधे सुजतात, हात दुखतात. बोटं वाकडी होतात, तीही वरवर पाहता आमवातासारखी. अशा माणसाचं रक्त लॅटेक्सवर टाकलं तर पट्टीवर कण दिसू शकतात आणि कागद ‘आमवात’ म्हणतो. दंडावरच्या चट्ट्याला संवेदना नाही हे मात्र हात लावल्याशिवाय कळत नाही. बोटांनी तपासायला शिकलेली जामखेडची सेविका इथे लॅबच्या पुढे होती.

जामखेडच्या आग्नेयेला बार्शी आहे. १९७३ साली तिथे तापाची साथ आली. माणसं अचानक तापाने फणफणत आणि सांधे असे धरत की उठता-बसता येईना. पुण्याच्या विषाणू संस्थेने तपास केला, चिकुनगुनिया निघाला. पद्बिद्री आणि ज्ञानेश्वर यांनी १९७९ साली छापलेल्या अहवालात आजारी पडलेल्यांचं प्रमाण ३७.५ टक्के दिलं आहे, म्हणजे दर आठांत तिघे. त्याआधी १९६३ मध्ये कोलकात्यात, १९६४-६५ मध्ये मद्रासेत आणि १९६५ मध्ये नागपुरात हा विषाणू येऊन गेला होता. बार्शीनंतर मात्र तो असा गडप झाला की डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने तो फक्त पुस्तकात वाचला. सांधे सुजलेला रुग्ण आला की ‘यंदा ताप येऊन गेला का?’ हा प्रश्न विचारायची सवयच मोडली. त्या जागी रक्ताची चिठ्ठी आली.

दरम्यान जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ साली कॉपकॉर्ड नावाचा कार्यक्रम आखला होता. गरीब देशांत सांध्यांचे आजार नेमके किती आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रुग्णालयात पोचलेल्यांची तेवढी गणती व्हायची. गावात जाऊन, दारोदार विचारून मोजायचं, ही कॉपकॉर्डची रीत. भारतात ती ज्या गावामुळे ओळखली गेली ते भिगवण.

भिगवण पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात येतं, पण भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडे कर्जत तालुका आहे आणि राशीनला जाणारा रस्ता पाणी ओलांडला की नगर जिल्ह्यात शिरतो. लोक या गावाला मासळी बाजारासाठी आणि हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी ओळखतात. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी तिथे उतरले. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून त्यांनी घरोघर पाठवलं. पहिला प्रश्न साधा होता : कुठे दुखतं? माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या जागेची खूण करायची. ज्यांनी ‘दुखतं’ म्हटलं त्यांना सविस्तर प्रश्न, त्यांनाच तज्ज्ञाची तपासणी, आणि रक्त व एक्स-रे त्यांतल्याही मोजक्यांचे. कामाचा हा क्रम सगळ्यात मोलाचा होता. आधी तक्रार, मग हात, आणि रक्त सगळ्यात शेवटी.

४,०९२ प्रौढांची नोंद झाली. त्यांतल्या ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायू-हाडांची काही ना काही तक्रार होती. आमवात मात्र निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास. उरलेल्यांत गुडघ्यांची झीज होती, ओझी उचलून धरलेली कंबर आणि खांदे होते. आणि एक गट असा होता की ज्याच्या दुखण्याला तज्ज्ञांनी कुठलंही ठाम नाव दिलं नाही. एवढा पैसा आणि माणूसबळ खर्चून छापलेल्या तक्त्यात ‘नाव देता येत नाही’ असा रकाना ठेवायला हिंमत लागते. त्या रकान्याऐवजी एखादं वजनदार नाव ठोकून देणं फार सोपं होतं.

आता भिगवणचाच आकडा धरून उलटा हिशेब करून पाहू. समजा, चोप्रांच्या पथकाने कोणाला काही विचारलंच नसतं आणि चार हजार प्रौढांच्या रक्तात सरळ आर.ए. फॅक्टर पाहिला असता. अर्धा टक्का म्हणजे आमवाताचे वीस रुग्ण. चाचणी दहांपैकी सातांना पकडते असं धरलं, तर चौदा सापडले असते आणि सहा सुटले असते. राहिलेल्या जवळजवळ चार हजारांतल्या पाच टक्क्यांचा निकाल, काही आजार नसताना, पॉझिटिव्ह आला असता, म्हणजे सुमारे दोनशे माणसांचा. पॉझिटिव्ह कागद हातात धरलेल्या दोनशे चौदा जणांत खरे रुग्ण चौदा. पंधरांत एक! सकाळी तासभर बोटं आखडणारी, मनगटं सुजलेली बाई तपासून मग तिचं रक्त पाहिलं, तर त्याच चाचणीचा शब्द वजनदार ठरतो. चाचणी तीच, तिचा अर्थ मात्र ती कोणाची आणि कशासाठी केली यावर ठरतो.

ए.एन.ए.ची गोष्ट याहून अवघड. ती हेप-२ नावाच्या मानवी पेशींवर करतात. (या पेशी घशाच्या कर्करोगातून आल्या असं अनेक वर्षं मानलं जाई. पुढे कळलं की त्या मुळात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या प्रसिद्ध हेला पेशी. खुणांच्या या शास्त्रात खुद्द मापाच्या पट्टीवरच चुकीचं नाव होतं.) १९९७ साली टॅन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा प्रयोगशाळांकडून निरोगी माणसांचं रक्त तपासून घेतलं. रक्तद्रव चाळीसपट पातळ केला तेव्हा ३१.७ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह आली, ऐंशीपटीला १३.३ टक्के, एकशेसाठपटीला ५ टक्के. आणि दिल्लीजवळच्या ग्रामीण पाहणीत मालवीय यांच्या पथकाला ल्युपस लाखात तिघांच्या आसपास आढळला होता. ‘ए.एन.ए. पॉझिटिव्ह, १:४०’ एवढंच वाचून रात्रभर जागणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी दाखवत नाही.

१९९८ साली नेदरलँड्समधल्या नायमेगनच्या संशोधकांनी दाखवलं की आमवाताच्या रुग्णांची प्रतिपिंडं विशिष्ट तऱ्हेने बदललेल्या प्रथिनांना धरतात. त्यातून अँटी-सीसीपी चाचणी आली. ती आर.ए. फॅक्टरपेक्षा कितीतरी नेमकी, निरोगी माणसांत क्वचितच पॉझिटिव्ह येणारी. आता गोंधळ मिटला असं वाटायला लागलं होतं. क्षयाच्या काही रुग्णांतही ती पॉझिटिव्ह येते हे हळूहळू पुढे आलं. तेवढ्यात पावसाळा आला, आणि त्याबरोबर चिकुनगुनिया परतला.

चिकुनगुनिया २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर उसळला. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर एक तृतीयांश लोक आजारी पडले, आणि २००५ संपता संपता तो आंध्रात पोचला. पुण्याच्या विषाणू संस्थेला दिसलं की हा बार्शीचा जुना आशियाई वाण नव्हे, आफ्रिकेतून आलेला नवा आहे. बार्शीला आता तेहतीस वर्षं होत आली होती. मधल्या काळात जन्मलेल्या कोणाच्याच रक्तात प्रतिकारशक्ती नव्हती. शिवाय दुष्काळी पट्ट्यात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी, म्हणून घरोघर रांजण, टिपं, हौद भरलेले, आणि एडिस डासाला साठवलेलं स्वच्छ पाणीच लागतं. ‘कोरडा दिवस पाळा’ ही सूचना निघाली खरी, पण उद्या टँकर येईल की नाही याची खात्री नसलेल्या घरात भरलेलं टिप कोण उलटं करणार? २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची सरकारी नोंद झाली. महाराष्ट्राचा वाटा अडीच लाखांहून जास्त.

ताप आठवड्यात उतरला, सांधे उतरेनात. बायकांना भाकरी थापता येईना, धार काढताना बोटं मिटेनात. दुखणं महिनाभर लांबलं की लोक लॅबकडे वळले. इथे इतिहासाने एक चमत्कारिक प्रयोगच मांडला. चौदा लाख माणसांच्या रक्तात, चिकुनगुनिया झाला नसता तरी, पाच टक्क्यांच्या हिशेबाने सत्तरेक हजारांत आर.ए. फॅक्टर मुळातच असणार होता. त्याआधी तो कोणी पाहिला नव्हता एवढंच. आता सांधे दुखले म्हणून पाहिला, सापडला, आणि दोन्ही गोष्टींची गाठ घातली गेली. दुसऱ्या बाजूने, विषाणूनंतर खरोखरच आमवातासारखा आजार जडलेले रुग्णही होते. रीयुनियनच्या डॉक्टरांनी २००९ साली अशा २१ जणांची नोंद छापली. रक्तावरून या दोन गटांत रेघ ओढता येत नव्हती. चोप्रांच्या पथकाने सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाचा दोन वर्षं पाठपुरावा केला. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरलं, थोड्यांचं रेंगाळलं, आणि सांध्यांना खरी सूज टिकून राहिलेले अगदी मोजके निघाले. हे कळायला दोन वर्षं थांबावं लागलं, त्याला पर्याय नव्हता.

एकट्या रक्तावर विसंबायचं नाही, हा विचार २०१० साली अमेरिकी आणि युरोपीय संस्थांनी मिळून ठरवलेल्या आमवाताच्या निकषांतही दिसतो. आमवात म्हणायला दहांपैकी सहा गुण हवेत. रक्तातल्या प्रतिपिंडांना जास्तीत जास्त तीन, सी.आर.पी. किंवा ई.एस.आर.ला एक, सहा आठवडे दुखण्याला एक. बेरीज पाच. सांधा सुजलेला नसेल तर रक्ताच्या जोरावर आमवात सिद्ध होतच नाही. पण गंमत पाहा, दहाहून जास्त सांधे, त्यांत लहान सांधे धरून, सुजले तर त्यांचेच पाच गुण आणि सहा आठवड्यांचा एक, म्हणजे सहा. चिकुनगुनियाचा रुग्ण रक्तात काहीही न सापडता आमवाताची परीक्षा पास होतो! निकषांत ‘दुसऱ्या कुठल्या आजाराने याचा खुलासा होत नसेल तरच’ अशी अट आहे, आणि आपल्याकडे सगळा भार त्या एका अटीवर येऊन पडतो. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांतही ए.एन.ए. पॉझिटिव्ह असणं ही आत शिरायची अट तेवढी आहे, त्याला गुण नाहीत.

नुकसान दोन्ही बाजूंनी झालं. कागद पॉझिटिव्ह म्हणून आमवात नसताना वर्षानुवर्षं स्टेरॉइड गिळणारे आहेत, हाडं ठिसूळ आणि साखर वाढलेली घेऊन. आणि कागद निगेटिव्ह म्हणून ‘काही नाही, वात आहे’ असं ऐकून घरी परतलेले आहेत. आमवाताच्या दर चार-पाच रुग्णांत एकाचा तरी आर.ए. फॅक्टर कधीच पॉझिटिव्ह येत नाही. पहिल्या काही महिन्यांत आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेट सुरू झाली असती तर ज्यांची बोटं सरळ राहिली असती, त्यांतली बरीच माणसं या दुसऱ्या गटातली. या गटाबद्दल फार कमी लिहिलं जातं, कारण तक्रार करायला त्यांच्या हातात ठळक आकड्याचा कागदही नसतो.

भिगवणनंतर हीच रीत देशात ठिकठिकाणी वापरली गेली. पंचावन्न हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत आमवाताचं प्रमाण सरासरी ०.३४ टक्के भरलं. ‘नाव देता येत नाही’ हा रकाना त्या तक्त्यांतही राहिला. अशा रुग्णाला तज्ज्ञ सहसा सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी परत बोलावतात, पुन्हा बोटं दाबून पाहतात, गेल्या पावसाळ्यातला ताप विचारतात. काहींची सूज औषधाविना जाते, काहींची आमवाताच्या वळणावर जाते, काही तशीच मधल्या मधे राहतात. नगरहून पुण्याचा एस.टी.चा प्रवास आणि बुडालेली रोजंदारी धरली तर ती दुसरी खेप बऱ्याच जणांची होत नाही, आणि मग पहिल्या दिवशीचा कागदच त्यांच्या फायलीत कायमचं निदान म्हणून उरतो.